एका बाळंतिणीमागे तीन नावं

राखीच्या केसबुकात वीस बाळंतपणं लिहिलेली होती आणि विसांच्या खाली माझी सही होती. त्यातलं एकही तिने स्वतःच्या हाताने केलेलं नव्हतं. हे मला कळलं तेव्हा ती नोकरीवर हजर होऊन आठ दिवस झाले होते. सुरगाण्याच्या पलीकडे डोंगरातलं एक आरोग्य उपकेंद्र, आणि तिथे ती एकटी.

मी तेव्हा नाशिकला एम.एस्सी. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. दोन हजार सहा साल. नऊ वर्षं सर्जरीच्या वॉर्डात ड्रेसिंगं केली, डॉक्टरांची बोलणी खाल्ली, आणि एक दिवस ठरवलं की पुरे झालं, आता आपण शिकवायचं. जागा फक्त प्रसूतीच्या शाखेत शिल्लक होती, म्हणून ती घेतली. नणंदेने "छायावहिनी आता मास्तरीण होणार" म्हणून सगळ्या कॉलनीत पेढे वाटले. माझ्या स्वतःच्या शिकण्याच्या काळात मी खरीखुरी बाळंतपणं केली होती चार, तीही अकरा वर्षांपूर्वी. पेढे खाताना हे कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

शिकवायला शिकणं म्हणजे मुख्यतः कागद. पाठाचं टाचण काढा, उद्दिष्टं लिहा, तक्ते रंगवा, आणि मागच्या बाकावर बसलेली गाईड मार्क देते तोवर घसा कोरडा पडू देऊ नका. शिवाय प्रबंध. माझा विषय होता बाळंतपणानंतरचा रक्तस्राव. विद्यार्थिनींची आधी चाचणी घ्यायची, मग मी शिकवायचं, मग पुन्हा चाचणी, आणि मार्क किती वाढले ते दाखवायचं. तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या वर्षाच्या तीस मुली माझ्याकडे होत्या. त्यांना वॉर्डात नेणं, कामावर नजर ठेवणं आणि केसबुकांवर सह्या करणं हेही माझ्याचकडे.

नियम असा की प्रत्येकीने वीस बाळंतपणं स्वतः करायची, त्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही. तीस मुलींची होतात सहाशे. आमच्या वॉर्डात सहा महिन्यांत बायका बाळंत होतात दोनशेच्या आसपास. आता बायकांना काही आमच्यासाठी जास्त पोरं होणार नाहीत! म्हणून फार जुनी रीत होती, एका बाळंतिणीमागे तीन नावं. एक मुलगी बाळंतपण करते, दुसरी बाळ घेते, तिसरी मागे उभी राहून वेळा टिपते. आणि तिघीही आपापल्या बुकात लिहितात, "स्वतः केले". मी सह्या करत गेले. माझ्या बुकावरही अशाच सह्या झाल्या होत्या.

मुली पास होऊन नोकऱ्यांवर गेल्या, आणि प्रबंधाचा शेवटचा भाग लिहिताना मी वॉर्डचं रजिस्टर आणि मुलींची बुकं शेजारी ठेवून बसले होते. नुसत्या तारखा जुळवत होते. रजिस्टरात कुणी काय केलं ते खरं लिहिलेलं असतं, आणि तेव्हा दिसलं की राखी प्रत्येक वेळी तिसरी होती. पोर अबोल, अक्षर मोत्यासारखं, त्यामुळे बाकीच्या तिला लिहायलाच बसवायच्या आणि ती मुकाट्याने बसायची. वीसच्या वीस वेळा. माझ्या चाचणीत मात्र तिला तीसपैकी सत्तावीस होते, सगळ्यांत जास्त. माझ्या प्रबंधाची ती शान होती.

मी बुकं उचलून भाग्यश्री मॅडमकडे गेले. त्या माझ्या गाईड. त्यांनी चष्मा वर केला, दोन पानं बघितली आणि बुक मिटलं.

"छाया, तोंडी परीक्षा कधी आहे तुझी?"

"तीन आठवड्यांनी. पण मॅडम, ती तिथे एकटी आहे. एखादी बाई रक्ताने वाहायला लागली तर हिचा हात..."

"माझं बुकही असंच भरलं होतं," त्या शांतपणे म्हणाल्या. "माझ्या मॅडमचंही असणार. कुणाचं काही अडलं? हातात येतं हळूहळू. तू आधी पास हो, मग काय ते बघ."

आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, ही म्हण मी वर्गात हसत हसत वापरायचे. त्या दिवशी जिन्यावर ती आठवली आणि हसू आलं नाही. मला त्याच दिवशी सुरगाण्याची एसटी धरता आली असती. मी धरली नाही. मी परीक्षेचा अभ्यास केला. ते तीन आठवडे रोज सकाळी पेपर उघडला की आधी जिल्ह्याचं पान बघायचे, एखादी बाळंतीण दगावल्याची बातमी शोधायचे. नसली की चहा गोड लागायचा. इतकी भ्याड मी स्वतःला कधी वाटले नव्हते.

तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी "फार उपयुक्त काम" म्हटलं. दुसऱ्या दिवशी पहाटेच मी सीबीएसच्या एसटी स्टँडवर गेले. सुरगाण्यापर्यंत एसटी, पुढे जीप, आणि जीपमध्ये अर्धी मांडी बाहेर. जानेवारी होता. वाटेत पाड्यामागून पाडे लागत होते आणि दारांना कड्या घातलेल्या दिसत होत्या. भात-नागली निघाली की माणसं द्राक्षबागांवर जातात, असं ड्रायव्हर म्हणाला.

राखी मला बघून इतकी आनंदली की माझे पाय धरायला वाकली. केंद्र लखलखीत ठेवलं होतं. भिंतीवर तिने स्वतःच्या हाताने माझाच तक्ता उतरवून लावला होता, रक्तस्राव थांबवण्याच्या सात पायऱ्या, लाल शाईत. रजिस्टरमध्ये महिन्याभरातली पाच बाळंतपणं होती आणि पाचही सुखरूप. मला हायसं वाटलं, पण क्षणभरच.

"ही तू केलीस?"

तिने मान खाली घातली. "चिमणाबाई करते, मॅडम. इथली सुईण आहे. तिचा हात लय चांगला. मी इंजेक्शन देते, नाळ कापते आणि लिहिते."

"कुठे आहे ती?"

"ती पण गेली परवा. लेकासंगं, दिंडोरीकडं, बागेवर."

मी तिला म्हटलं, मी आठवडाभर राहते, जी पहिली बाई येईल तिचं तू करायचं, मी मागे उभी राहीन. मोठ्या रुबाबात म्हटलं. तिने हो म्हटलं, आणि मग हळूच विचारलं, "मॅडम, तुम्ही किती केली?" मी तिला खरं ते सांगितलं. चार. तिचा चेहरा पडला नाही, पण ती उठून पुसलेलंच टेबल पुन्हा पुसायला लागली.

कलाबाई दुसऱ्या दिवशी दुपारी आली. तिसरी खेप, शेजारच्याच पाड्यावरची. नवरा गोटीराम तिला चालवत घेऊन आला. मी त्याला म्हटलं, जीप बघून ठेव. तो म्हणाला, जीप बाजाराला गेलीय, चारला येईल. तेव्हा दोन वाजले होते.

बाळंतपण इतकं सरळ झालं की मी मनात देवाचे आभार मानायला लागले. राखीच्या हातात मुलगी आली, रडली, वार पडली. राखी माझ्याकडे बघून हसली. तिचं पहिलं बाळंतपण. खाली ठेवलेल्या ताटात रक्ताची धार पडत होती. ती थांबायला हवी होती, पण थांबली नाही.

"इंजेक्शन," मी म्हटलं. ते राखीने बिनचूक दिलं. मग ती भिंतीकडे बघून पायऱ्या म्हणायला लागली. "गर्भाशय हाताला लागतो का बघायचं. मऊ असेल तर चोळायचं. कडक गोळा लागेपर्यंत चोळायचं." तिचा हात कलाबाईच्या पोटावर फिरत होता, आंधळ्यासारखा. "मॅडम, गोळा म्हणजे कसा? कुठं लागतो?"

मी तिचा हात बाजूला केला आणि माझा ठेवला. सगळं पोट मऊच लागत होतं. मी इकडे दाबलं, तिकडे दाबलं. गोळा घट्ट लागतो, हे मी तीस मुलींना तीन वेळा शिकवलं होतं, चाचणीत विचारलं होतं, त्याचे मार्क मोजले होते. हाताला काहीच ओळखीचं लागेना. ताट भरलं. राखीने दुसरं लावलं. भिंतीवरच्या घड्याळात पाच-सहा मिनिटं गेली असतील, आणि ती मिनिटं माझी होती, दुसऱ्या कुणाची नाही.

तेव्हा कलाबाईने माझं मनगट धरलं. तिचे ओठ पांढरे पडले होते. तिने माझा हात बेंबीच्या खाली आणला, एका बाजूला सरकवला आणि वरून आपल्या हाताने दाबला. "हितं," ती म्हणाली. "चिमणाबाय हितं दाबं. जोरानं. घाबरू नको, बाय."

तिने दाबल्या जागी मी दाबलं, चोळलं. राखीचा हातही मी तिथेच ओढला. थोड्या वेळाने हाताखाली खरंच काहीतरी आवळत गेलं, मुठीएवढं, कडक. धार बारीक झाली. "हाच गोळा," मी राखीला म्हटलं, आणि मला रडू फुटलं. पण आमच्या हातांवरचा कलाबाईचा हात केव्हाच गळून पडला होता आणि तो गार होता.

जीप साडेचारला आली. प्राथमिक आरोग्य केंद्र अठरा किलोमीटर. दोघी मागे बसून आळीपाळीने तो गोळा धरून होतो. बाळ गोटीरामच्या मांडीवर होतं. घाटाच्या वळणावर राखी म्हणाली, "मॅडम, श्वास नाय." मी हात काढला नाही. केंद्र येईपर्यंत काढला नाही.

डॉक्टर तरुण होते, थकलेले. त्यांनी कलाबाईला बघितलं, मृत्यूच्या नोंदीचा कागद ओढला आणि मला विचारलं, "तुम्ही कोण?"

"मी हिची शिक्षिका."

"मग बरं झालं, दोन प्रशिक्षित माणसं हजर होती." ते लिहायला लागले. "वाहन उशिरा मिळालं, असं लिहितो. खरंच आहे ते."

"तसं लिहू नका, डॉक्टर," मी म्हटलं. "वाहन उशिरा आलं, पण त्याआधीच रक्त गेलं होतं सगळं. आम्हाला दोघींनाही येत नव्हतं. हिच्या बुकावर सही माझी आहे, खोटी."

राखीने माझा दंड धरला. बाहेर व्हरांड्यात गोटीराम बाळाला घेऊन उभा होता. त्याला ऐकू जात होतं की नाही कुणास ठाऊक. डॉक्टरांनी उठून दार लोटलं आणि आवाज खाली आणला.

"मॅडम, माझ्या हाताखाली सात उपकेंद्रं आहेत. साती ठिकाणी अशाच नव्या मुली आहेत. त्यांतल्या दोघी तुमच्याच कॉलेजच्या. हे मी लिहिलं, तर उद्या तिथल्या बाळंतिणींपाशी कुणाला उभं करू? तुम्ही सांगा."

मी फक्त त्या दोघींची नावं विचारली. डॉक्टरांनी ती सांगितली. दोन्ही माझ्याच तीस मुलींमधली होती.