सॅल्थवीकच्या पेटीतलं एक मत

आपल्याला निवडणुकीची खाज नाही, असं हॅरल्ड स्टबली भेटेल त्याला सांगत असे, आणि लोक "हो, हो" म्हणून पुढे जात. सत्तावीस वर्षं सॅल्थवीकच्या पोस्टात खिडकीमागे बसून त्याने गावाला रांगेत उभं केलं होतं. निवृत्त झाल्यावर त्याचं ऐकायला एकटी बायको उरली, आणि डोरीन ऐकून घेणाऱ्यातली नव्हती. मग समुद्रच त्याच्या मदतीला धावला. शहाऐंशीच्या हिवाळ्यात गावाबाहेरचा कडा एका रात्रीत ढासळला आणि दफनभूमीचं कुंपण दोन थडग्यांसकट खाली गेलं. हॅरल्डने महिन्याभरात किनारा पक्ष काढला. सभासद चौदा, मागणी एक: समुद्राला दगडी बांध घाला.

उमेदवारी अर्जावर दहा मतदारांच्या सह्या लागतात. त्या अर्ध्या तासात झाल्या. खाटीक सिरिल रॅगने एप्रनला हात पुसून सही ठोकली. मिस फ्यूसन एक्क्याऐंशीची; तिचं घर कड्याला सगळ्यात जवळ. तिने चष्मा लावून शाळेतल्यासारखं वळणदार नाव लिहिलं. सही करायला कुणाच्या बापाचं काय जातं?

मे महिन्यात निळ्या पक्षाचा प्रचारप्रमुख प्रिचर्ड हॅरल्डच्या घरी चहाला आला. खासदारकी निळ्यांकडे होती, पण मागच्या खेपेला ते लालवाल्यांपुढे जेमतेम सहाशे मतांनी वाचले होते.

"मिस्टर स्टबली, तुम्ही निवडून येणार नाही हे तुमच्या मांजरालाही ठाऊक आहे," प्रिचर्ड म्हणाला. "पण तुमच्या गावच्या पेटीत एकशे चाळीस मतं पडतात. त्यातली साठ मला दाखवा. साठ दिसली तर आमच्या साहेबांना घाम फुटेल. घाम फुटला की बांध होतो."

"आणि नाही दिसली तर?"

"तर फाइलवर आधीच शेरा आहे. गाव समुद्राला सोडून द्यावं. माझ्या हातात फक्त ती फाइल अडवून धरणं आहे. अर्थात आम्ही निवडून आलो तर."

तो गेल्यावर डोरीनने कप उचलले. "साठ? साठ माणसं तुला बसायला खुर्ची तरी देतील का?"

"तू तरी मत देशील ना?"

"माझं मी बघेन."

हॅरल्डने ते मत तिथल्या तिथे खोडून टाकलं. घरचं म्हणून ते मोजेल, असा मूर्ख तो नव्हता.

जूनमधल्या गुरुवारी तो चॅपलच्या हॉलमध्ये मत द्यायला गेला. लाकडी आडोसा, दोरीला बांधलेली पेन्सिल, आणि कागदावर स्वतःचं नाव छापलेलं. ते त्याने दोनदा वाचलं. मग त्याने हिशेब मांडला. दहा सह्या, त्यांची घरं, त्यांचे शेजारी. साठ कुठे गेले नाहीत. आपलं मत पडलं तर साठाचे एकसष्ट होतील, त्याने प्रिचर्डला काय जास्त घाम फुटणार आहे? पण निळे एका मताने पडले तर फाइल अडवायला प्रिचर्डच राहणार नाही. शिवाय बाप निळा, आजा निळा. हॅरल्डने निळ्यांपुढे मताची फुली मारली, घडी घातली आणि कागद पेटीत टाकला. बाहेर पडताना आपण किती दूरचं पाहतो, याचं त्याला कौतुक वाटलं.

दूरचं पाहणारा तो एकटाच नव्हता, एवढंच त्याच्या ध्यानात आलं नाही. सॅल्थवीकमध्ये सगळेच शहाणे होते.

मोजणी शुक्रवारी सकाळी तालुक्याच्या गावी. तिकडे प्रत्येक पेटी आधी वेगळी उघडतात, कागद उताणे ठेवून त्यांची संख्या जुळवतात, आणि मगच सगळ्या गावांच्या मतांची सरमिसळ करतात. तेवढ्या वेळात पक्षांची माणसं टेबलाच्या अलीकडे उभी राहून रेघा मारत बसतात, म्हणजे कुठल्या गावाने कुणाला पाणी पाजलं ते कळतं. हॅरल्ड नवी पेन्सिल घेऊन उभा राहिला. शेजारी प्रिचर्ड.

निळा, निळा, लाल, निळा. वीस झाले, पन्नास झाले. हॅरल्डची पेन्सिल कोरीच. नव्वदीच्या पुढे एक कागद आला आणि त्याच्या नावापुढे फुली दिसली. त्याने रेघ मारली. त्यानंतर एकशे एकेचाळीस पूर्ण होईपर्यंत त्याला पेन्सिल उचलावी लागली नाही.

"निदान स्वतःचं मत तरी स्वतःला दिलंत," प्रिचर्ड पेनाला टोपण लावत म्हणाला. "काहींना तेवढंही सुचत नाही."

"बांधाचं कसं?"

"एका माणसासाठी बांध? मिस्टर स्टबली, पाणी आलं की छपरावर चढायला एक शिडी विकत घ्या. स्वस्तात पडेल." आणि तो दुसऱ्या टेबलाकडे गेला. दुपारी निळे चार हजारांनी निवडून आले. हॅरल्डच्या एका मतावाचून त्यांचं काही अडलं नसतं.

परतीच्या बसमध्ये हॅरल्ड सह्या करणाऱ्यांची नावं बोटांवर मोजत बसला. त्याला कुणी मत दिलं हे त्याला शोधायचंच नव्हतं. ज्यांनी दिलं नाही त्यांची यादी मोठी होती. आणि सगळं जग जर ते मत त्याचं समजत असेल, तर समजू दे. अर्धी वाट सरेस्तोवर त्याचं त्यालाच तसं वाटू लागलं.

चॅपलच्या हॉलमध्ये गावाने त्याच्यासाठी चहा आणि हॅमची सँडविचं मांडली होती. डोरीन चहाच्या पिंपाशी उभी होती.

"हरलास, पण लढलास!" सिरिल रॅगने पाठीवर थाप मारली. "आपलं मत तुलाच रे बाबा."

"आमच्या घरची चारही," कुणीतरी मागून म्हणालं.

"पेटीत एक होतं!" हॅरल्ड ओरडला. "एक! दहा जणांनी सह्या केल्या आणि गावातून मत निघालं एक. सिरिल, तुझं कुठे गेलं? मिस फ्यूसन, तुमचं? घर तुमचं पडतंय, माझं नाही! लाजा नाहीत तुम्हाला. माझ्या तोंडावर हसता आणि पाठीत सुरी घालता!"

हॉलमधले लोक बुटांकडे पाहू लागले. सिरिलच्या हातातलं सँडविच तसंच राहिलं. हॅरल्डला फार बरं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदाच सबंध गाव त्याचं ऐकत होतं, म्हणून त्याने एकेकाचं नाव घेऊन पुन्हा सुरुवात केली.

"हॅरल्ड," डोरीनने पिंपाची तोटी बंद केली. "नक्की एकच होतं?"

"एकच! मी डोळ्यांनी पाहिलं."

"ते माझं होतं."

क्षणभर कुणाच्या काही लक्षात आलं नाही. मग सिरिल रॅगच्या आलं. त्याने आधी डोरीनकडे पाहिलं, मग हॅरल्डकडे.

"मग तुझं कुठे गेलं रे?"

हॅरल्डने तोंड उघडलं. मोजणी, दूरचा विचार, प्रिचर्ड, फाइल, सगळं जिभेवर आलं आणि तिथेच अडकलं. पहिल्यांदा सिरिल हसला, मग त्याची बायको, मग सगळा हॉल. नुसतं हसू नव्हतं ते. कालपासून मनाला टोचणी लागलेली सगळी माणसं एका झटक्यात मोकळी झाली होती. कुणी डोळे पुसले, कुणी हॅरल्डला चिमटा काढला. "उमेदवारानेच पक्ष सोडला!" असं म्हणत त्यांनी सँडविचांवर हात मारला. हॅरल्डने बायकोकडे पाहिलं. तिने सगळ्यांना चहा दिला, त्याला दिला नाही.

मिस फ्यूसन तेवढी हसत नव्हती. तिच्या स्वयंपाकघरापासून कडा अकरा पावलांवर होता. हॅरल्डला बाकीचे देतीलच, म्हणून तिनेही काल निळ्यांना मत दिलं होतं.

"म्हणजे बांध होणार नाही का?" तिने विचारलं. हसण्याच्या गलक्यात ते कुणाला ऐकू गेलं नाही, म्हणून तिने पुन्हा विचारलं.