निळ्या शाईचा चमत्कार

"गेलं! गेलं!" दिवाणखान्यात दाटीवाटीने बसलेली तीसेक माणसं एका सुरात ओरडली, आणि खिडकीला लटकलेल्यांनी "अहो, काय गेलं?" म्हणून गलका केला.

गेला होता एक शब्द. तपकिरी चामड्याच्या सोफ्याच्या पाठीवर घरच्या मालकिणीने निळ्याशार शाईने 'मधुमेह' असं लिहिलं होतं. फुंकरबाबांनी डोळे मिटले, गाल फुगवले आणि शब्दावर फुंकर धरली. आधी उकार-मात्रा फिकटल्या, मग अक्षरं, आणि पाहता पाहता चामडं कोरं.

"सोफा कशाचा? कातडीचा. तुम्ही कशाचे? कातडीचे!" बाबा गरजले. "या कातडीवरून पुसलं, ते त्या कातडीखालूनही पुसलं!"

"आमचा रेक्झिनचा आहे, चालेल का?" मागून कुणीतरी विचारलं.

"रेक्झिनला आत्मा नसतो," बाबा म्हणाले. आत्मा नसलेले सोफे बाळगणारी मंडळी ओशाळली.

दाराशी मालकिणीची धाकटी बहीण उभी होती. गेली वीस वर्षं ती सोफे दुरुस्त करत होती, म्हणून सगळे तिला सोफेवालीच म्हणत. चामड्यावर सांडलेल्या शाईशी तिने उभा जन्म झगडा केला होता. स्पिरिटचा बोळा हलक्या हाताने टिपायचा. घासलं तर डाग पसरतो, जोर केला तर शाईआधी चामड्याचा रंग उठतो. चामड्यात मुरलेली शाई म्हणजे मुक्कामाला आलेला पाहुणा, नुसत्या उसाशांनी उठत नाही. आणि इथे ती फुंकरीने उठली?

पण तिला खरा धक्का बसला तो पुढे. ताईने उठून मधुमेहावरच्या गोळ्यांची पाकिटं कचऱ्याच्या डब्यात टाकली.

"ताई, वेडी झालीस का? डॉक्टरांना तरी विचार!"

"तू तुझे सोफे शिव," ताई म्हणाली. "डोळ्यांनी बघितलंस ना?"

भाऊजी मान खाली घालून बाबांच्या दक्षिणेच्या पाकिटाची सोय बघायला आत गेले.

त्या दिवसापासून घरात रोज बैठक भरू लागली. सोफ्यावर बसायला आणि तो पुसायला बंदी झाली. गावभरचे आजार त्यावर लिहिले जात, फुंकले जात. निवृत्त मुख्याध्यापक पहिल्या रांगेत बसून सांगत, "विज्ञान जिथे संपतं, तिथे फुंकर सुरू होते."

दहाव्या दिवशी सोफेवाली गेली, तर ताई तांब्यामागून तांब्या पाणी पीत होती. अंगठ्याला चपलेने झालेली साधी जखम काळी-निळी पडली होती.

"आजार बाहेर पडतोय, असं बाबा म्हणाले," ताई म्हणाली. पण तिने पाय पदराखाली ओढून घेतला.

सोफेवाली तडक वळली. ती जाऊन सोफ्याजवळ वाकली. बाबा लिहायला आपलंच पेन का देतात? आणि जिथे अक्षरं होती तिथे ही पांढुरकी पुटं कसली? तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. कापड बेतताना ती स्वतः अशाच पेनाने खुणा करायची. काही वेळाने त्या आपोआप उडायच्या. एकदा गिऱ्हाइकाने नवं कव्हर सोड्याने धुतलं, तर उडालेल्या सगळ्या खुणा परत हजर! तिने घरी चामड्याच्या तुकड्यावर करून पाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी वाडग्यात धुण्याचा सोडा कालवून ती बैठकीला आली.

"बाबा, माझा एक आजार," ती म्हणाली आणि भाऊजींच्या खिशातलं साधं पेन काढून तिने सोफ्यावर लिहिलं, 'शंका'.

बाबांनी फुंकर मारली. पुन्हा मारली. लाल झाले, जांभळे झाले, आणि शेवटी घेरी येऊन भिंतीला टेकले. 'शंका' जिथल्या तिथे.

"या पेनात पाप आहे!" ते धापा टाकत म्हणाले.

"असेल. आता तुमच्या पेनातलं पुण्य बघू." तिने फडकं सोड्यात बुडवलं. चामड्याला सोडा वाईट, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण सोफा भरून निघाला असता, ताईचा पाय नसता. तिने सोफ्याच्या पाठीवरून एक हात फिरवला.

निळी अक्षरं वर आली. एकावर एक, तिरकी, सरळ. मधुमेह. गुडघे. मूळव्याध. आणि मधोमध, ठसठशीत: 'सासूबाई'.

"हे अक्षर कुणाचं गं?" तिसऱ्या रांगेतून एक म्हातारी कडाडली. शेजारी बसलेली तिची सून एकदम चपला शोधू लागली. त्या गोंधळात बाबा मागच्या दाराने पसार झाले. मुख्याध्यापक म्हणाले, "मला पहिल्यापासूनच संशय होता."

"यात जादू नाही," सोफेवालीने मोठ्याने सांगितलं. "ही शाई निळी राहते ती तिच्यात सोड्याच्या जातीचं काहीतरी असतं म्हणून. हवेतला कार्बन डायऑक्साइड त्याचा जोर मोडतो आणि रंग जातो. श्वासात तो जास्त, म्हणून फुंकरीने लवकर जातो. शाई कुठेच गेली नव्हती. तुमचे आजारही कुठे गेलेले नाहीत."

माणसं एकमेकांकडे न बघता पांगली. ताई जमिनीवरच बसून राहिली. सोफेवालीला वाटलं, आता ही चिडेल. पण ती रडत होती.

"दहा दिवस किती हलकं वाटत होतं गं मला."

"वाटणारच. मरेपर्यंत रोज गोळ्या खायच्या, हे ओझं कुणाला हवं असतं?" सोफेवाली तिच्याजवळ टेकली. "पण ताई, बरं वाटणं वेगळं आणि बरं होणं वेगळं. चल, ऊठ."

डॉक्टरांनी जखम धुतली, साखर तपासली, आणि आणखी आठवडा गेला असता तर अंगठा गेला असता, हे स्पष्ट सांगितलं. ताईने डॉक्टरांनी दिलेली गोळी हातात घेतली. मग आयुष्यात पहिल्यांदाच तिने विचारलं, "डॉक्टर, ही गोळी पोटात जाऊन नेमकं करते काय?"

डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली आणि कागदावर चित्र काढून समजावून दिलं.

प्रश्न विचारायला हवेत, आणि ते फक्त फुंकर मारणाऱ्यालाच नाही, गोळी देणाऱ्यालाही. ज्याच्याकडे उत्तर असतं तो खुर्ची पुढे ओढतो. ज्याच्याकडे नसतं तो मागचं दार शोधतो.