ब्याण्णव आमेन

मित्रांनो, मी जुना झालो आहे, माझी काच फुटली आहे आणि मला राग आला आहे. पण आत्मवृत्तात राग आधी सांगायचा नसतो. तेव्हा रीतसर जन्मापासून.

एका लांबलचक टेबलावर पांढरे हातमोजे घातलेल्या मुलीने मला जोडले. मी पहिल्यांदा उजळलो तेव्हा तिने जांभई दिली. झाले बालपण.

मला घेतले एका शिवणकाम करणाऱ्या बाईंनी. चर्चमध्ये सगळे त्यांना ताई म्हणतात. मंडळीचा ग्रुप त्यांनी माझ्यावरच सुरू केला. रोज सकाळी गुलाबाच्या चित्रावर बायबलचे एक वचन, मग आजाऱ्यांची नावे. कुणी प्रार्थनेची विनंती टाकली की खाली लगेच ‘आमेन’ आणि जोडलेले हात, ही आमची रीत. पहिला नंबर बहुधा ताईंचाच. ‘‘ताईंच्या फोनमुळे घराघरात वचन पोहोचतं,’’ असे पाळकसाहेब भर उपासनेत म्हणाले. मी पर्समध्ये होतो, पण ऐकले. फुगलो. खोटे कशाला बोलू?

मग तो मंगळवार. सकाळी नऊ वीस. चर्चमध्ये तीस वर्षे ऑर्गन वाजवणाऱ्या काकांच्या घरून काकूंचा संदेश आला. माझ्या पडद्यावर तो एवढाच दिसला:

प्रभूमध्ये प्रिय बंधुभगिनींनो, सर्वांना सलाम.
आमच्या ह्यांच्यासाठी कळकळीने प्रार्थना करा.
प्रभू मोठा आहे, तो…
आणखी वाचा

ताईंच्या दातांत दोरा होता, मांडीवर कुणाचा तरी झगा. त्यांनी अंगठ्याने ‘आमेन’ टाकले आणि मशीन सुरू केले. पाठोपाठ दुसरे आमेन. दहावे. चाळिसावे. उरलेल्या ओळी माझ्या पोटात होत्या, आणि मला तोंड नव्हते!

सव्वादहाला सुनेने वेळ बघायला मला उचलले.

‘‘आई, हे पूर्ण वाचलंत?’’

‘‘वाचलं की. पहिलं आमेन माझंच आहे.’’

‘‘खाली बघा.’’

हे न्हाणीघरात पडलेत. मला एकटीला उचलवत नाहीत. ॲम्ब्युलन्सला दोन तास लागतील म्हणतात. कुणीतरी या हो.

तोवर ब्याण्णव आमेन झाली होती. काकूंचे घर दोन गल्ल्या पलीकडे!

ताई गळ्यातल्या टेपसकट धावल्या. पायरीवर मी हातातून सुटलो, काच तेव्हाची. सुनेने मला उचलून मागोमाग आणले. तिथे काकांना एक प्लंबर उचलत होता. वरच्या मजल्यावरचा नळ दुरुस्त करायला आलेला. तो ना आमच्या ग्रुपचा, ना आमच्या चर्चचा. त्याने काकूंची हाक ऐकली होती, एवढेच.

‘‘बघत काय उभ्या राहिलात बाई? पाय धरा!’’

ताईंनी पाय धरले. काका पांढरेफटक पडले होते, पण थट्टा सुटली नव्हती. ‘‘ही मोजत बसली होती, ताई. ब्याण्णव जणांनी हात जोडले. एकाचाही मोकळा नव्हता?’’

खुब्याचे हाड मोडले होते. ऑर्गनच्या पायपट्ट्या काकांना पुन्हा दाबता येणार नाहीत.

दुसऱ्या दिवशी पाळकसाहेबांनी ग्रुपवर काकांचा फोटो टाकला, नाकातल्या नळीसकट. ‘मंडळीच्या प्रार्थनेने काका वाचले!’ आमेन, आमेन, आमेन. प्लंबरचे नाव कुणी विचारलेसुद्धा नाही. मी तापलो, मित्रांनो. बॅटरीचा चटका हाताला बसेल इतका तापलो.

ताईंनी मशीन थांबवले आणि दोन्ही अंगठ्यांनी लिहिले. सवयच ती: आधी प्रिय बंधुभगिनींनो, आधी सलाम, आधी स्तुती. आणि खाली, दुमडलेल्या ओळींत: मी आमेन टाकलं आणि शिवत बसले. काका फरशीवर पडून होते.

मिनिटभरात पहिले आमेन आले. पाळकसाहेबांचे.



काका घरी आले त्या दिवशी ताईंनी पुन्हा लिहिले. ना सलाम, ना गुलाब. ‘काकांना रोज दुपारी उठवून बसवायला दोन माणसं लागतात. एक मी. दुसरं कोण?’

त्याखाली एकही आमेन पडले नाही.  बाराव्या मिनिटाला मंडळीतल्या बेकरीवाल्याची ओळ आली: ‘दोनला सुटतो. येतो.’

आता दुपारी ताई मला मशीनवर टाकून जातात. धूळ बसते, बसू दे. माझी काच पुसू नका, मित्रांनो. फक्त शेवटच्या ओळीपर्यंत वाचा, मला खाली ठेवा, आणि चप्पल घाला.