कडूबा वल्द सोनूबाई

दुर्गा नवऱ्याचा मार सोडून बदनापूरहून वाटूरला माहेरी आली, त्याला वर्ष होत आलं होतं. आईबाप दोघंही गेलेले, त्यांना ती एकटीच. घरात शब्द चालायचा चुलत्याचा, भुजंगआबांचा. तिला पाहिलं की ते म्हणायचेच, "पोरी, सोनूबाईच्या वळणावर जाऊ नको. जल्दी सासरी जा."

सोनूबाई म्हणजे घराण्यातली शंभर वर्षांपूर्वीची बदनाम बाई. नवऱ्याच्या घरून पळाली, एवढंच सगळ्यांना ठाऊक. पुढं तिचं काय झालं, हे कुणी सांगत नव्हतं.

१९९१ साली भावकीनं खंडोबाच्या देवळात वंशावळीचा दगड बसवायचं ठरवलं. सगळ्यात वर मूळपुरुष कडूबा.

"कडूबाचा बाप कोण?" दुर्गानं विचारलं.

"ठाऊक न्हाई," आबा म्हणाले आणि उठून गेले. एवढ्या साध्या प्रश्नाला माणूस उठून का जातो, हे तिला कळेना.

मग तिनं परतूरला तहसीलमध्ये खेटे घातले. निजामाच्या काळातले जमिनीचे जुने उतारे निघाले, पण सगळे उर्दूत. एका निवृत्त मास्तरांनी ते वाचायला घेतले आणि मध्येच थांबले.

"इथं लिहिणारा चुकला वाटतं. वल्द म्हणजे अमक्याचा मुलगा. पुढं बापाचं नाव पाहिजे. इथं आहे, कडूबा वल्द सोनूबाई."

दुर्गा म्हणाली, "त्याच्या आधीचं वाचा मास्तर."

त्याच्या आधी तीच जमीन, वाटूरचं माळरान, पडीक म्हणून नोंदलेली. ती फोडून कसणाऱ्याच्या जागी नाव एकट्या सोनूबाईचं.

आता ती कुठून आली, तेवढं राहिलं होतं. दुर्गा भुजंगआबांच्या बायकोला, तुळजाकाकूला, घेऊन त्र्यंबकला गेली. तिथल्या उपाध्यायांकडं घराण्याची वही होती, यात्रेला आलेल्या पूर्वजांच्या नोंदींची. गुरुजी मोडी अक्षरावरून बोट फिरवत वाचू लागले. "शके अठराशे सात. सोनूबाई, माहेर सिंदखेड. सोबत लेक कडूबा. भ्रतार हयात, त्याचे घर सोडिले. राहणार वाटूर."

काकू पुढं सरकली. "सोडिले? पळाली न्हाई लिहिलं?"

"सोडिले असंच आहे. यजमान सांगेल तेच आम्ही लिहितो."

"म्हणजे तिच्या तोंडचं हाय ह्ये," काकू म्हणाली. "गुरुजी, पुन्हा वाचा."

देवळात भावकी जमली तेव्हा दुर्गानं सगळं मांडलं आणि सोनूबाईचं नाव दगडावर घालायला सांगितलं. आबांचा आवाज चढला. "नवरा सोडलेल्या बाईचं नाव देवळात? लोक थुंकतील आपल्यावर!"

"मंग कडूबाचं बी काढा," दुर्गा म्हणाली. "त्यानं बापाच्या जागी आईचं नाव लावलंय. आन तिनं फोडलेलं रान बी सोडा. ज्याला तिची लाज वाटती, त्यानं उद्यापासून तिथं पाय ठेवू नये."

एकच गिल्ला झाला. आबांचा मुलगा बद्रीनाथ अंगावर धावून आला. दुर्गा जागची हलली नाही.

बायकांतून तुळजाकाकू उठली. नवऱ्याकडं बघत म्हणाली, "नाव वर घाला. न्हाई तर दगडाच्या पूजेला मी बसणार न्हाई. बसा एकटेच."

पूजा तर जोडप्यानंच करायची. शेवटी पाथरवटाकडं दगड परत गेला आणि कडूबाच्या वर सोनूबाई कोरली गेली.

पुढच्या महिन्यात बदनापूरहून नवरा आणि थोरला दीर जीप घेऊन आले. "झालं गेलं विसरा, बाईला धाडा," दीर म्हणाला.

ह्या वेळी आबांनी तिला जा म्हटलं नाही. "तिलाच विचारा," एवढंच ते बोलले.

"मी न्हाई येणार," दुर्गा म्हणाली. "मी घर सोडलंय, हे तुमच्या गावातबी बराबर सांगा. कुणी पळाली म्हणलं, तर मी तिथं येऊन बोलीन."

जीप गेली. तिनं आबांकडं तोंड वळवलं. "माळावरचा माझ्या बापाचा वाटा अवंदा मी पेरणार हाय."

दुसऱ्या दिवशी दुर्गानं भल्या सकाळी बैल सोडले, औत घेतलं आणि माळाची वाट धरली. तिच्यामागून तुळजाकाकू भाकरीचं फडकं घेऊन चालत होती.