पोलादरावाची उडी

जयसिंगने सीडी बनियनच्या टोकाला पुसली, उजेडाकडे धरून पाहिली आणि प्लेअरमध्ये सरकवली. शेजारपाजारचे आठ-दहा जण दाटीवाटीने बसले होते.

सोळा वर्षांपूर्वी 'मंगळस्वारी' ही मालिका दूरदर्शनवर लागायची, तेव्हा रविवारी सकाळी मंगळवार पेठेतले रस्ते ओस पडत. मंगळावर गेलेल्या पाच जणांची ती गोष्ट. त्यांच्यासोबत एक पत्र्याचा यंत्रमानव होता, पोलादराव. आणि त्या पत्र्याच्या आत जयसिंग. चित्रीकरण कोल्हापूरच्या आसपासच्या माळांवरच झालं होतं. त्याचा चेहरा कधी दिसला नाही, नामावलीत नाव आलं नाही. पण गल्ली त्याला पोलादराव म्हणू लागली आणि तोही ते नाव मिरवत राहिला. मालिकेच्या सीड्या निघाल्याचं कळताच लेकीने, सोनमने, पुण्याहून अख्खा संच आणला होता.

पाचव्या सीडीत ती उडी होती. जोतिबाच्या डोंगराखालच्या दगडखाणीत पोलादराव धावत आला आणि यानाच्या कप्तानाला वाचवायला त्याने कड्यावरून स्वतःला झोकून दिलं. टाळ्या पडल्या. सोनमने तो तुकडा मागे नेऊन पुन्हा लावला. जयसिंग हसून मान हलवत होता. त्याची बायको यल्लव्वा मात्र चहा टाकायला उठली, ती माणसं पांगेपर्यंत बाहेर आली नाही.

तो आत गेला तेव्हा ती कप विसळत होती.

"उडी मारली त्यो तुमी न्हवं," ती पाठमोरीच म्हणाली. "तुमची चाल मी वळखत न्हाय व्हय?"

जयसिंग दाराला टेकला आणि हळूहळू त्याने सगळं सांगितलं. त्या दिवशी कड्याच्या टोकावर उभं राहिल्यावर तो मागे सरकला होता. पत्र्याच्या आत तो रडला होता. सोबत आलेल्या, दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या दोस्ताने, आकारामने, त्याला आडोशाला नेलं, पोशाख उतरवून स्वतःच्या अंगावर चढवला आणि उडी मारली. खाली गवताचे भारे रचले होते, त्यांच्या कडेला तो पडला आणि त्याचा गुडघा गेला. आकारामच्या बायकोला, चिमणाबाईला, तेव्हा सातवा महिना होता. तिने धसका घेऊ नये म्हणून पाटी रंगवताना शिडीवरून पडलो असं त्याने घरी सांगितलं आणि जयसिंगला गप्प राहायची शपथ घातली. जयसिंग गप्प राहिला. पहिलं वर्षभर मैत्रीखातर, पुढे टाळ्यांखातर.

यल्लव्वाने पदराला हात पुसले.

"चिमणाबाई आजून त्या शिडीला शिव्या घालत्या," एवढंच ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी जयसिंग प्लेअर पिशवीत घालून शिवाजी पेठेत गेला. आकारामला आता शिडी चढवत नसे. पाय पसरून बसल्या जागी तो गाड्यांच्या नंबरपाट्या रंगवायचा. चिमणाबाई तांदूळ निवडत होती. जयसिंगने टीव्हीला वायरी जोडायला घेतल्या. पिशवीतली सीडी पाहून आकारामने मान आडवी हलवली. जयसिंगने ते पाहिलं, आणि तरी सीडी लावली.

पोलादराव कड्याकडे धावू लागला.

"वैनी, ह्यो मी न्हवं," जयसिंग म्हणाला. "ह्यो आकाराम. त्याचा पाय हितं मोडला, शिडीवरनं न्हवं. मी भ्यालो हुतो. आनि सोळा वर्सं गप बसलो."

चिमणाबाईने सूप बाजूला ठेवलं. शिव्या खायच्या तयारीने जयसिंग मान खाली घालून उभा राहिला.

"मी कवा बघिटलंच न्हवतं रं," आकारामच म्हणाला. हातातला ब्रश त्याने पाण्याच्या डब्यात सोडला होता. "त्यो भाग लागला तवा पायाचं दुसरं आपरेशन चालू हुतं."

"परत लावा," चिमणाबाई म्हणाली.

जयसिंगने पुन्हा लावलं. ती उठून टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बसली. पडद्यावर पोलादराव दूरवरून धावत येत होता, दोन्ही पायांवर सारखाच जोर देत, एवढ्या जड पत्र्यातही हलका. उडी आली आणि गेली. तिचं लक्ष त्या धावण्यातच राहिलं होतं.

"केवढं पळायचासा तुमी," ती नवऱ्याला म्हणाली.