निवेदकाच्या पाठीवरचा चिमटा

मित्रांनो, रोज संध्याकाळी लाखो घरं ज्या चेहऱ्यावर विश्वास ठेवत, तो विश्वास मी एकट्याने दातांत धरून ठेवला होता. मी एक जुना चिमटा आहे. कपडे वाळत घालायचा. गुलाबी.

माझा जन्म कारखान्यात झाला. एका वृत्तवाहिनीच्या मेकअपवाल्या ताईंनी टॉवेलांसाठी मला भावंडांसह विकत आणलं. उन्हात लटकावं, वाऱ्यावर डोलावं, याहून मोठी महत्त्वाकांक्षा मला नव्हती. पण त्याच आठवड्यात मुख्य बातमीपत्राचे मोठे साहेब घशाच्या उपचारासाठी रजेवर गेले आणि त्यांच्या जागी एक सडपातळ तरुण निवेदक तात्पुरते बसवले गेले. कोट मात्र मोठ्या साहेबांच्या मापाचा. त्यात अजून एक निवेदक सहज मावला असता. कोट शिंप्याकडून आत घ्यायचा का, असं ताईंनी विचारलं. संपादक म्हणाले, "आणि साहेब परत आले म्हणजे? सध्या काहीतरी लावून भागवा." ताईंनी कोटाचा घोळ पाठीमागे गोळा केला आणि तिथे मला लावलं.

मोठे साहेब परत आले नाहीत आणि गेलेही नाहीत. त्यांची रजा वाढत राहिली. आमच्या निवेदकांनी निवडणुका सांगितल्या, पूर सांगितले, पडलेली सरकारं सांगितली, पण आपण कायम आहोत की नाही हे त्यांना कुणी सांगितलं नाही. समोरून रुबाब आणि मागून मी. दार वाजलं की त्यांच्या पाठीला घाम फुटे. मोठे साहेब आले असतील, असं त्यांना वाटे. मलाही वाटे. मी आणखी घट्ट धरून बसे.

याच काळात त्यांचं लग्न ठरलं. मुलीच्या वडिलांनी एकच गोष्ट विचारली होती, नोकरी कायम आहे ना. आमचे निवेदक म्हणाले होते, रोज संध्याकाळी दिसतो की. लग्न झालं. पाठ टेकली तर मी निसटेन, ही धास्ती अंगात इतकी मुरली होती की घरच्या सोफ्यावरही ते काठी गिळल्यासारखे बसत. पाहुणे आल्यासारखं वाटतं, अशी त्यांच्या बायकोची फोनवर तक्रार असे.

मग वाहिनीने भिंतीएवढा पडदा आणला आणि बसून बातम्या देणं जुनाट ठरलं. आता निवेदकाने उभं राहायचं, पडद्यापर्यंत चालत जायचं. आमचे निवेदक आठवडाभर खेकड्यासारखं आडवं चालायला शिकले. लोकांना ती नवी शैली वाटली.

एका संध्याकाळी समुद्रात वादळ उठलं. ते कुठे आहे हे दाखवताना आमचे निवेदक भान विसरले आणि वळले. वादळाआधी देशाला मी दिसलो.

बातमीपत्र संपलं. मेकअपच्या खोलीत ते बसले तोच फोन वाजला. सासरे होते. मी अजून पाठीवरच होतो.

"जावईबापू, ते पाठीला काय होतं?"

"चिमटा."

"म्हणजे कोट तुमचा नाही?"

"वाहिनीचा आहे."

"आणि तुम्ही?"

निवेदक म्हणाले, "बाबा, वादळ सकाळी किनाऱ्याला लागेल. खिडक्या लावून घ्या."

दुसऱ्या दिवशी ते संपादकांकडे गेले. जाण्याआधी आरशासमोर वाक्य घोटून घेतलं होतं, "एक तर मला कायम करा, नाहीतर..." आत ते "एक तर" एवढंच बोलले. संपादक म्हणाले, "बसा. लोक हसतायत हो. तो कोट तुमच्या मापाचा करून टाकू."

संध्याकाळी मेकअपच्या खोलीतून त्यांनी बायकोला हे सांगितलं. तिने लगेच वडिलांना कळवलं. ते "मग ठीक" एवढंच म्हणाले. दुपारीच शिंप्याने कोट आत घेतला होता; तो आता किती छान बसतो हे सगळे सांगत होते. निवेदकांनी मात्र खुर्चीला पाठ टेकली.

हल्ली मी कापसाच्या पुडीचं तोंड धरून असतो. मित्रांनो, एखादा माणूस फारच नीटनेटका दिसला, तर कधीतरी त्याच्या मागेही जाऊन बघा. आणि चिमटे पावसात ठेवू नका, आमची स्प्रिंग गंजते.

परवा कोट इस्त्रीहून आला, तो ताईंनी उलटा करून टांगला. शिंप्याने जादा कापड कापलेलं नाही. आत दुमडून, हवे तेव्हा उसवता येतील असे कच्चे टाके घातले आहेत.