सावली आपल्याकडं

धोंडीराम गांगुर्ड्यांची उभी नोकरी विमानातून काढलेले जमिनीचे फोटो वाचण्यात गेली. फोटो हातात आला की आधी असा फिरवायचा, की सावल्या आपल्याकडं पडल्या पाहिजेत. नाही तर खड्डासुद्धा टेकडी दिसतो. या विद्येचा त्यांना तोराही होता, खोटं कशाला बोला!

२००७ साली त्यांची मोहिनी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होती. मंगळावर उतरताना एक यान गप्प झालेलं, आणि वरून घिरट्या घालणाऱ्या दुसऱ्या यानानं काढलेले फोटो इंटरनेटवर कुणालाही बघता येत. द्वारका चौकाजवळच्या सायबर कॅफेत तासन् तास बसून ही पोरगी त्यांत पडलेलं यान शोधायची. बापलेकीचं ठरलं होतं: सापडलं, तर पुण्याला एमएस्सी. नाही तर मुकाट्यानं डीएड.

आणि सापडलं की! काळपट डाग, मधोमध पांढरा ठिपका, शेजारी पॅराशूटसारखं काहीतरी फिकट. तिनं फोटो छापून बाबांपुढं ठेवला. धोंडीरामांनी सवयीनं तो फिरवला, भिंग लावलं, लाल पेन्सिलीनं चौकटी आखल्या आणि वरच्या डाव्या कोपऱ्यापासून मोजून जागा लिहून दिली.

"बाबा, कागद उलटा तर नाही ना धरला?"

"तू मला शिकवतेस? पाळण्यात होतीस तेव्हापासून वाचतोय मी फोटो!"

मोहिनी गप्प झाली. तीच जागा तिनं ईमेलनं शास्त्रज्ञांना कळवली. 'माझ्या वडिलांनी तपासलं आहे,' हे वाक्यही बाबांनी हट्टानं घालायला लावलं. पंधरा दिवसांनी उत्तर आलं: त्या जागी नुसते दगड आहेत, आभारी आहोत. जूनमध्ये तिनं डीएडचा फॉर्म भरला. धोंडीरामांना तेव्हा आतून बरंच वाटलं होतं, पोरगी लांब जायची टळली म्हणून. आता ते आठवलं की त्यांना स्वतःची लाज वाटते.

दोन वर्षांनी पेपरात फोटोसकट बातमी आली. कुणा परदेशी माणसाला ते यान सापडलं होतं. धोंडीरामांनी कपाटातून मोहिनीचा कागद काढून शेजारी ठेवला. तोच डाग, तोच ठिपका! कागद न फिरवता त्यांनी पुन्हा मोजलं, तर जागा पार समोरच्या कोपऱ्याकडं निघाली. फिरवलेल्या कागदाचा कोपरा धरून मोजलं होतं त्यांनी.

मोहिनी नुकतीच सटाण्याच्या शाळेत लागली होती. त्यांनी तिथं फोन लावला.

"पोरी, चूक माझी होती गं. मी उलटीकडून मोजलं."

"माहितेय, बाबा. उत्तर आलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी परत मोजलं होतं."

"मग दुसरी मेल का नाही टाकलीस, वेडे?"

"तुमचं चुकलं असं लिहावं लागलं असतं. तुम्ही तर अख्ख्या कॉलनीला सांगत सुटला होता, मी स्वतः मोजलंय म्हणून. माझा धीरच झाला नाही."

धोंडीरामांना रडू आवरेना. "अजून वेळ गेली नाही. पुण्याला जा तू. मी पाठवतो."

"नको बाबा. जागा माहीत असून मी दोन वर्षं तोंड उघडलं नाही. असल्या माणसाचं तिथं काय काम?"

गप्प बसायला तिला त्यांनीच शिकवलं होतं.